रक्ताची गोळी, चहाचा कप आणि शेवटचं ताट: गरोदरपणात काय, केव्हा आणि कशासोबत खावं

माझ्या पहिल्या वेळची गोष्ट. सातवा महिना लागला आणि हिमोग्लोबिन ८.६ आलं. मला रडूच फुटलं, कारण लोहाची लाल गोळी मी एक दिवससुद्धा चुकवली नव्हती. तपासणाऱ्या सिस्टरनी कार्ड बाजूला ठेवलं आणि विचारलं, "गोळी केव्हा घेतेस गं?" म्हटलं, सकाळी, चहाबरोबर. रोज? रोज. त्या म्हणाल्या, "मग तुझी गोळी चहाच पितोय." त्या रात्रीपासून गोळी झोपताना, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला लागले. पाच आठवड्यांनी आकडा दहाच्या वर होता.

पुढे मी आहारशास्त्र शिकले आणि आता सतरा वर्षं तालुक्याच्या गावात गरोदर बायकांशी रोज हेच बोलते. पालेभाजी खा, दूध प्या, फळं खा हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. पण ते केव्हा खायचं, कशासोबत खायचं आणि घरात कोणाच्या आधी खायचं, हे कोणी नीट बसून सांगत नाही. आपल्या स्वयंपाकघरात जे आहे त्यातूनच बाळाला लागणारं बहुतेक सगळं मिळतं. बाकीचं सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांतून, फुकट. फक्त घड्याळ आणि जोडी जमली पाहिजे.

हा लेख तब्येत साधारण बरी असलेल्या बाईसाठी आहे. साखर, रक्तदाब, थायरॉईड, मूत्रपिंडाचा त्रास किंवा जुळी असतील तर तुमच्या डॉक्टरांचा सल्ला आधी, माझा नंतर.

आधी ताट वाढून घ्या

ही पहिली पायरी, आणि सगळ्यात अवघड. एका घरी गेले होते, पाचवा महिना असलेल्या सुनेला भेटायला. दुपारचे अडीच वाजले होते. सासरे, दीर, नवरा, मुलं, सासूबाई असे सगळे जेवून उठले होते आणि ती आता बसत होती. पातेल्यात वरण होतं, पण डाळ कधीच संपली होती. वर राहिलं होतं ते पिवळं पाणी, त्यात दोन मोहरीचे दाणे आणि कढीपत्त्याचं एक पान. भाजी चमचाभर. भाकऱ्या मात्र तीन. भूक भागली असेल तिची, पण बाळाला त्या ताटातून काय मिळालं?

त्या घरातली माणसं वाईट नव्हती. सासूबाई तिला काळजीने फळं आणून देत होत्या. पद्धतच अशी पडलेली. म्हणून मी भांडण लागेल असा उपाय सांगत नाही. स्वयंपाक झाला की पहिल्यांदा तिच्या वाटणीचं घट्ट वरण किंवा उसळ एका वाटीत काढून झाकून ठेवायची. डाव तळातून फिरवून, डाळ वर आणून. भाजीही तशीच. मग ती कोणाहीनंतर जेवली तरी ताट भरलेलं राहतं. आणि तिला आधी बसवलं तर उत्तमच. हे काम सासूबाईंनी किंवा नवऱ्याने अंगावर घ्यावं. तिने स्वतःच स्वतःसाठी काढून ठेवायचं म्हटलं की तिला संकोच वाटतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नाही

"आता दोघांचं खायचं" हे प्रेमाने म्हणतात, पण हिशेब वेगळा आहे. पहिल्या तीन महिन्यांत जेवणाचं प्रमाण फारसं वाढवावं लागत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे. घरच्या भाषेत सांगायचं तर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि एक केळं. एवढंच.

प्रथिनं मात्र खरोखर वाढतात. मधल्या तीन महिन्यांत रोज साडेनऊ ग्रॅम जास्त, शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्त. आपल्या जेवणात नेमकी तीच कमी पडतात. दोन पोळ्यांऐवजी चार खाल्ल्या की पोट भरतं, पण उसळ तेवढीच राहते. म्हणून जे वाढवायचं ते भाताच्या मुदीत नको, वाटीत वाढवा.

वजन साधारण १० ते १२ किलो वाढावं. आधीच अंगाने बारीक असाल तर थोडं जास्त, वजन जास्त असेल तर कमी. प्रत्येक तपासणीला वजन कार्डावर लिहून घ्या. चौथ्या महिन्यानंतर एखाद्या महिन्यात काटा हललाच नाही, किंवा एकाच आठवड्यात एकदम दोन किलो चढला आणि पाय-चेहरा सुजला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

पहिले तीन महिने: पोटात टिकेल ते

या काळात मळमळते, कोरड्या उमासे येतात, फोडणीचा वास सहन होत नाही. बाळ अजून अगदी लहान आहे, त्यामुळे ताट अर्धवट राहिलं म्हणून घाबरू नका. डोळे उघडल्यावर अंथरुणातच चार कुरमुरे, ज्वारीच्या लाह्या किंवा कोरडी भाकरी चावून खा आणि दहा मिनिटांनी उठा. रिकामं पोट मळमळ वाढवतं, आणि खच्चून भरलेलंही. दर दोन तासांनी मूठभर, वाटीभर असं खात राहा. गरम वाफाळत्या अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून थंड दहीभात, कोमट मऊ खिचडी, उकडलेला बटाटा, मीठ-लिंबू लावलेली काकडी हे सहसा टिकतं. आल्याचा तुकडा मीठ लावून चघळा. जेवताना भडाभडा पाणी पिऊ नका, मधल्या वेळात घोट घोट घ्या. आणि फोडणी दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगा.

पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, दिवसभरात लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर "डोहाळे कडक आहेत" म्हणून घरी थांबू नका. सलाईनची गरज असते.

या तीन महिन्यांत चुकवू नये अशी एक गोष्ट म्हणजे फॉलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि मणका जिथून तयार होतो ती नळी गर्भधारणेनंतर चारच आठवड्यांत बंद होते. म्हणजे बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं नीटसं कळायच्या आधी! त्यामुळे मूल हवं असं ठरवलंत त्याच दिवसापासून ही गोळी सुरू करावी.

रोजच्या ताटात काय हवं

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचं खाणं आणि त्यांची बाळं यांचा फार बारकाईने अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बायका. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात-पीत होत्या, त्यांची बाळं जन्मतः अंगापिंडाने चांगली होती. अभ्यासातली ही गोष्ट मी प्रत्येकीला सांगते, कारण त्यात महागाचं काहीच नाही. मेथी, शेपू, अंबाडी, पेरू, केळं, दूध.

त्याच अभ्यासातून दुसरी गोष्ट पुढे आली. बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे बहुसंख्य बायकांत आहे. ते पालेभाजीत नसतं, डाळीत नसतं. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. तुम्ही शाकाहारी असाल आणि दूधही आवडत नसेल, तर बी-१२ ची तपासणी करून घ्या आणि गोळीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ कमी अशी जोडी बाळाला चांगली नाही, हेही याच गटाने दाखवलंय.

आता ताट. प्रत्येक जेवणात पाच घरं भरायची. भाकरी किंवा पोळी आणि थोडा भात. घट्ट वरण, आमटी किंवा उसळ. एक पालेभाजी नाहीतर फळभाजी. दही किंवा ताक. आणि कच्चं काहीतरी, काकडी, गाजर, कांदा, वर लिंबाची फोड. ती फोड सजावटीची नाही, ती का हवी ते पुढे सांगते.

प्रथिनांचा घरगुती हिशेब लक्षात ठेवला की सोपं जातं. एक अंडं ६ ग्रॅम. एक मोठा कप दूध ६ ते ७ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम. घट्ट वरणाची किंवा मटकीच्या उसळीची वाटी ५ ते ६ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत मात्र याच्या निम्मंही नसतं. दिवसभरात ५५ ग्रॅमपर्यंत, शेवटच्या महिन्यांत ६५-७० पर्यंत पोचायचं आहे. दोन्ही जेवणांत डाळ-उसळ, दोन कप दूध, एक-दोन अंडी, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी-पोळीतून मिळणारं, एवढं जमवलं की दुकानातल्या महागड्या डब्यांची गरज उरत नाही. त्या डब्यांच्या पैशांत महिन्याची अंडी येतात. माझं मत विचाराल तर अंडी घ्या.

अंडी "उष्ण पडतात" म्हणून नाकारणाऱ्या घरांत मी वाद घालत नाही. मी म्हणते, भाकरीबरोबर आठवड्यातून तीनदा देऊन पाहा. पूर्ण उकडलेलं, बलक घट्ट झालेलं. अजून तरी कोणी तक्रार घेऊन परत आलेलं नाही. बाजरी आणि तिळाचंही तेच. जेवणातल्या प्रमाणात ती खुशाल खा.

लोह: लाल दिसतं म्हणून रक्त वाढत नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, भारतातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे दोघींमागे एक. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि ७ च्या खाली गेलं की तो तीव्र, दवाखान्यातच उपचार करण्याचा.

हे होतं का, तर या नऊ महिन्यांत अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं. त्यातला पाण्याचा भाग आधी वाढतो आणि तांबड्या पेशी मागून येतात. शिवाय बाळ शेवटच्या महिन्यांत जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांसाठीचं लोह आईकडून साठवून घेतं. बऱ्याच मुली गरोदर राहण्याआधीच ९-१० वर असतात. मग कुठून पुरणार?

बीट, डाळिंब, खजूर, गूळ. "रक्त वाढायला काय देता?" विचारलं की घरोघरी ही चारच नावं येतात. बीट आणि डाळिंब लाल असतात, पण त्यांत लोह फार थोडं. खावीत, चांगली फळं-भाज्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. गूळ साखरेपेक्षा बरा, तरी तो गोडच. आपल्याकडे लोह खरं मिळतं ते बाजरीत, राजगिऱ्यात आणि त्याच्या पाल्यात, मटकी-हरभरा-चवळी-मसुरात, तिळात, हिरव्या पालेभाज्यांत. मांसाहार करत असाल तर मटण, चिकन आणि मासे यांतलं लोह अंगाला सर्वात सहज लागतं.

धान्य-भाजीतलं लोह मात्र अंगाला सहज लागत नाही. त्याला सोबत लागते, आणि ती सोबत 'क' जीवनसत्त्वाची. म्हणून ती लिंबाची फोड. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, पोह्यांवर पिळा, पालेभाजीबरोबर टोमॅटोची कोशिंबीर करा. जेवण झाल्यावर पेरूच्या दोन फोडी किंवा आवळा खा. पेरूत 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं, आणि तो स्वस्त. लिंबू आच बंद केल्यावर पिळायचं, उकळत्या आमटीत नाही, उष्णतेने ते जीवनसत्त्व कमी होतं.

कडधान्यं भिजवून मोड आणली की त्यांतलं लोह अंगाला जास्त लागतं. आपल्या आज्या मटकी फडक्यात बांधून ठेवायच्या, ते उगीच नव्हे. फक्त गरोदरपणात मोड कच्चे खाऊ नका, वाफवून किंवा शिजवून खा. घरात लोखंडी तवा-कढई असेल तर भाजी तिच्यात करा. टोमॅटो किंवा आमसूल घातलेल्या भाजीत कढईतलं थोडं लोह उतरतं. भाजी शिजली की दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा.

आणि चहा. जेवताना किंवा जेवणावर लगेच घेतलेला चहा भाकरी-वरणातल्या लोहाचं शोषण निम्म्याच्याही खाली आणू शकतो. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा.

लाल गोळीचं घड्याळ

एवढं सगळं केलं तरी आहारातून गरोदरपणाची लोहाची गरज पुरी होत नाही. म्हणून चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी, जिला आपल्याकडे सगळे रक्ताची गोळी म्हणतात. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रोज एक, १८० दिवस. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर दिवसाला दोन सांगतात.

घ्यायची कशी? जेवणानंतर साधारण दोन तासांनी, पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी यांपैकी काहीही जवळपास नको. बहुतेकींना रात्री झोपताना सोयीचं पडतं, मळमळही झोपेत निघून जाते.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, कारण त्यांच्यामुळेच गोळ्या कपाटात पडून राहतात. शी काळी होते. ते गोळीमुळे आहे, घाबरायचं कारण नाही. आणि पोट साफ होत नाही. त्यासाठी रोज रात्री दोन सुकी अंजिरं भिजवून सकाळी पाण्यासकट खा, ज्वारी-नाचणीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी आणि संध्याकाळी अर्धा तास चालणं. तरी त्रास झाला तर गोळी बंद न करता बदलून मागा. गोळी बंद केलीत तर सिस्टरना खरं सांगा. मी असंख्य कार्डं पाहिली आहेत ज्यांवर गोळ्या "घेतल्या" आणि आकडा होता तिथेच.

कॅल्शियमची गोळी वेगळी. चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला दोन, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम, आणि ती मात्र जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी नाही. एक दुपारच्या जेवणात, एक रात्रीच्या. लोहाच्या गोळीत आणि तिच्यात किमान दोन तास. आहारात कॅल्शियमसाठी दूध-दही तर आहेच, पण नाचणी विसरू नका. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दुपारी चारला ताकातली नाचणीची आंबील हा माझ्या दृष्टीने गरोदर बाईचा सर्वात चांगला नाश्ता.

जंताची गोळी चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदाच देतात, ती नाकारू नका. शेतात अनवाणी चालणाऱ्या बाईत अंकुशकृमी नावाचे जंत रक्त पितात, मग कितीही पालेभाजी खाल्ली तरी आकडा वर येत नाही.

एक दिवस असा काढता येतो. उठल्यावर पाणी आणि हवाच असेल तर चहा. मग तासाभराने थालीपीठ-दही किंवा मटकी आणि शेंगदाणे घातलेले पोहे, लिंबू पिळून. अकराला पेरू किंवा केळं. एकला पूर्ण ताट आणि कॅल्शियमची गोळी. चारला आंबील किंवा भाजलेले फुटाणे. साडेपाचला दूध. साडेसात-आठला हलकं पण घट्ट डाळीचं जेवण, दुसरी कॅल्शियमची गोळी. दहा वाजता लाल गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर. तुमच्या कामाची वेळ वेगळी असेल तर तास सरकवा, अंतरं सरकवू नका.

माती, खडू, कच्चे तांदूळ

हे लाजून कोणी सांगत नाही, म्हणून मी विचारते. पावसाच्या पहिल्या सरीनंतरचा मातीचा वास आवडणं वेगळं आणि खरोखर भिंतीचा पोपडा, भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल, मूठ-मूठ कच्चे तांदूळ खावेसे वाटणं वेगळं. याला डोहाळे समजून हौसेने पुरवणारी घरं आहेत. ही ओढ बऱ्याचदा लोह कमी पडल्याची खूण असते. मातीतून जंत आणि शिसं पोटात जातं. सांगा, हिमोग्लोबिन तपासा. गोळ्या नीट सुरू झाल्या की ही ओढ बहुधा आपोआप ओसरते.

पिणं

दिवसाला आठ ते दहा पेले पाणी, उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात त्याहून जास्त. लघवीचा रंग फिकट राहिला की पाणी पुरतंय असं समजा. उकळून गार केलेलं किंवा नीट गाळलेलं-शुद्ध केलेलं पाणी. ताक सर्वात चांगलं, जिरं आणि चिमूटभर मीठ घालून. कोकम, लिंबू यांची सरबतं घरची, साखर बेताची. शहाळं चांगलं आहे, पण रोज हवंच असं नाही, आणि त्याने बाळ गोरं होत नाही. केशर-दुधानेही नाही. बाळाचा रंग आईबापाकडून येतो.

रसवंतीतला रस, गोळा, उघड्यावरची सरबतं यांत त्रास देतो तो बर्फ. कावीळ आणि विषमज्वर गरोदर बाईला फार जड जातात.

चहा-कॉफीतलं कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. छोट्या कपभर चहात ३० ते ६५, फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असतं. म्हणजे दोन कप चहा चालतो, तोही जेवणापासून लांब. दारू मात्र अजिबात नाही, थोडीही नाही.

टाळायचं आणि उगाच टाळलेलं

सगळ्यात आधी मिश्री. घरात सासूही लावते, आईही लावते, त्यामुळे ते व्यसन आहे असं कोणाला वाटतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरड्यांतून तिचं निकोटिन रक्तात जातं, तिथून बाळाला, आणि बाळाचं वजन कमी भरतं. मिश्री लावणाऱ्या बाईला मी ओरडत नाही. सकाळची आधी सोडा, म्हणते, मग दुपारची. जागा रिकामी वाटते तेव्हा बडीशेप किंवा लवंग. जमतं, बायका सोडतात.

कच्चं दूध, कच्च्या अंड्याचं मेयोनीज, अर्धवट शिजलेलं मटण-मासे टाळा. कच्ची पपई नको, तिच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. पूर्ण पिकलेली पपई जेवणात दोन फोडी खाल्ल्याने काही होत नाही, पण घरात सगळे घाबरत असतील तर पेरू खा, पपईवाचून काही अडत नाही. काळीज रक्त वाढवतं म्हणून वारंवार देतात, पण त्यात 'अ' जीवनसत्त्व इतकं असतं की गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत ते नको.

कोकणातल्या आणि गोव्याच्या वाचकांसाठी माशांचं सांगते. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील असे लहान मासे आठवड्यातून दोनदा खुशाल खा, बाळाच्या मेंदूला त्यांतली चरबी उपयोगी. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. म्हणून मोरी, म्हणजे मुशी, नको आणि मोठी सुरमई क्वचितच. सुक्या मासळीत मीठ फार, रक्तदाब वर असेल तर बंद.

मीठ आयोडीनचंच. हल्ली सैंधवाचं फार कौतुक चाललंय, पण त्यात बाळाच्या मेंदूला लागणारं आयोडीन मिळत नाही. काढे, कल्प, चूर्ण यांतलं काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

उपास आणि ग्रहण

हरतालिकेचा निर्जळी उपास गरोदरपणात करू नये, इतकं मी स्पष्ट सांगते. शास्त्रानेही गर्भिणीला सूट दिलेली आहे. रमजानमध्येही गरोदर बाईला रोजातून सवलत आहे. मनातून उपास सोडवतच नसेल तर पाणी आणि खाणं दोन्ही सुरू ठेवा. साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा पिष्ट, त्याने पोट भरतं, बाळाला मिळत काही नाही. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी, दूध, फळं. भगर घ्यायची तर बंद पाकिटातली, घरी निवडून धुऊन, ताजी शिजवून. सुट्या, जुन्या भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून उपासांच्या दिवसांत पुन्हा पुन्हा येतात. गोळ्या उपासालाही घ्यायच्या.

ग्रहणात गरोदर बाईला तासन्‌तास अन्नपाण्यावाचून एका जागी बसवतात. ग्रहणाचा बाळाच्या ओठावर-बोटावर काही परिणाम होत नाही. उपाशी आणि तहानलेल्या बाईला मात्र चक्कर येते. देव्हाऱ्यापाशी बसायचं तर बसा, शेजारी पाण्याचा तांब्या आणि डबा ठेवून.

शेवटचे तीन महिने: आता कमी करू नका

"आता जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल." आठव्या-नवव्या महिन्यात हे हमखास ऐकू येतं. पण बाळाचं वजन सर्वात झपाट्याने वाढतं ते याच काळात, आणि याच काळात ताट कमी केलं तर दीड-दोन किलोचं, अशक्त बाळ हाती येतं. तूप पिऊन बाळंतपण सोपं होतं हेही खरं नाही. पोळीवर चमचाभर तूप घ्या, वाटीभर नको.

पोट वर दाबतं म्हणून एकावेळी जेवण जात नाही आणि घशाशी आंबट येतं. तीन जेवणांची सहा करा. रात्रीचं दोन तास आधी आटपा, डाव्या कुशीवर झोपा, उशी थोडी उंच घ्या.

साखरेची तपासणी सुरुवातीला एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देऊन दोन तासांनी रक्त घेतात, आणि १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. तो निघाला तर भात बंद, फळं बंद असा उपाशीपणा करू नका. साखर, गूळ, सरबतं, फळांचे रस थांबवा. भात एका मुदीवर आणा आणि घट्ट वरणाबरोबर खा. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला आणि डॉक्टर सांगतील तसं तपासत राहा. डोहाळजेवणाच्या दिवशी ओटीत येणारे लाडू-पेढे वाटून टाका, फळं आणि नारळ ठेवा.

जे तुमच्या हक्काचं आहे

दिवस गेल्याचं कळताच अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात नाव घाला. लाल गोळ्या, कॅल्शियम, जंताची गोळी, तपासण्या हे सगळं तिथे मोफत. अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, तो बाईनेच खावा, घरातल्या सगळ्यांत वाटून संपवू नये. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा आईला अंगणवाडीत एक वेळचं गरम पूर्ण जेवण मिळतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये बँकेत जमा होतात. ते आले की त्यांतून आधी अंडी-दूध आणा.

बाळंतपणानंतर

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांची खरी वेळ ही. आणि बाळंतिणीला फक्त भात-तूप-मिरपूड देऊन पाणी तोडायचं, ही पद्धत सोडा. दूध पाण्यातून आणि अन्नातून येतं, तिला गरोदरपणापेक्षाही थोडं जास्तच लागतं. डाळ, भाजी, अंडं, फळं पहिल्या दिवसापासून.

लाल गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची आहे, कॅल्शियम सहा महिने. बाळाच्या लशीला जाल तेव्हा स्वतःच्या गोळ्यांचं पाकीटही मागून घ्या. बाळाच्या गडबडीत ते नेमकं राहून जातं. ज्या बाईंची कार्डं मी बघते, त्यांच्या घरात फ्रीजला चिकटवलेला एक कागद असतो: १ वाजता पांढरी (कॅल्शियमची), ८ वाजता पांढरी, १० वाजता लाल आणि लिंबू. तो कागद बाळंतपणानंतर काढू नका.